कागदाला पाठ नसते

दादाची वाचा गेली त्याला सात आठवडे होत आले होते. उजवा हात, उजवा पाय, जीभ, सगळं एका सकाळी गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून तो दिवसभर एकच गोष्ट करायचा. चादरीवर पालथा पडलेला डावा हात उताणा करायचा, जरा थांबायचा, पुन्हा पालथा करायचा. आणि समोर जो कोणी असेल त्याच्याकडे बघायचा. असं बघायचा की समोरच्यानं मान खाली घालावी.

वहिनीला वाटलं, कूस बदलून हवी आहे. बदलली. हात फिरतच राहिला. मालिश करायला येणारी बाई म्हणाली, गादी टोचत असेल, उलटी करा. दोघांनी मिळून दादाला खुर्चीत बसवलं, गादी उलटी केली, त्याला परत झोपवलं. हात फिरतोच आहे. मग उशी झाली, पांघरूण झालं, भिंतीवरचा फोटो झाला. उलटायची म्हणून त्या घरात एक वस्तू शिल्लक राहिली नाही. शेवटी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि धाकटा दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, मला कळलं असतं ना, तर मी स्वतः उलटा झालो असतो हो."

धाकटा म्हणजे दादाचा भाऊ. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस औषधालाही नाही, पण घरात आणि गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. छापखान्यात जुळारी होता. शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळींचं पान करायचं. एकोणचाळीस वर्षं हेच केलं. मग छापखान्यात यंत्रं आली, खिळे वितळवून टाकले, आणि धाकटा घरी बसला. लग्न केलं नव्हतं. दादाच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायचा.

आता दादाचं सांगायचं तर, तो माणूस जरा चक्रमच. ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहायचं काम. तिथे बसून बसून त्याच्या डोक्यात एक भुंगा शिरला. तो म्हणायचा, पुस्तकं शेजारी शेजारी उभी असतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, लिफ्टमधल्या माणसांसारखी. एकात मीठ असतं, दुसऱ्यात घड्याळ असतं, आणि त्या दोघांचं नातं असतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट ही. कॉम्प्युटर हा कपाटाएवढा असतो एवढंच लोकांना ऐकून माहीत होतं, तेव्हा दादा सांगत सुटायचा की एक दिवस सगळ्या जगाचं लिखाण एकाच जाळ्यात येईल, घरात बसून काचेवरचा शब्द दाबला की त्याचा नातेवाईक दार उघडून बाहेर येईल, पुस्तकाला शेवटचं पानच उरणार नाही. ऐकणारे ऐकून घ्यायचे आणि जाताना वहिनीला विचारायचे, "झोप लागते ना यांना नीट?"

यंत्र नव्हतं म्हणून दादा थांबला नाही. त्यानं कार्डांवरच जाळं विणायला घेतलं. एका कार्डावर एक विषय. मीठ, घड्याळ, विहीर, शिंपी, ताप, कुलूप. टाइपरायटरवर सात-आठ ओळी माहिती, डोक्याशी कार्डाचा नंबर, आणि तळाला या विषयाचं ज्यांच्याशी नातं त्यांचे नंबर. या जोडण्यांना तो सोयरिका म्हणायचा. तीस वर्षांत साडेनऊ हजार कार्डं झाली आणि एकतीस हजार सोयरिका. वहिनी म्हणायची, "पोरीसाठी एक स्थळ बघायला सवड नाही, आणि कार्डांच्या एकतीस हजार सोयरिका जमवून ठेवल्यात!"

तीच पोरगी, म्हणजे धाकट्याची पुतणी, पुढे कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. तिनं एक यंत्र घरी आणलं, बापासाठी त्यात प्रोग्रॅम लिहिला, आणि पहिली दहा कार्डं भरून दाखवली. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. दादानं मीठ या शब्दावर बोट दाबलं आणि घड्याळ समोर आलं. दादानं चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसला. मग म्हणाला, "धाकट्या, तू रिकामाच आहेस ना? बाकीची तू जुळव."

धाकट्यानं दोन वर्षं जुळवली. खिळे नव्हते, बटणं होती, एवढाच फरक. शेवटचं कार्ड एका गुरुवारी भरून झालं. त्या दिवशी तो घरभर ऐटीत फिरत होता, आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या कामाला आपला हात लागला म्हणून. पुढच्या मंगळवारी दादा न्हाणीघरात पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, घरी नेऊ शकता, पण जिने चढायचे नाहीत, आणि दुसरा झटका कधीही येऊ शकतो, मनाची तयारी ठेवा. आता तळमजल्यावर पलंग मावेल अशी खोली एकच होती, कार्डांची. सहा कपाटं, जमिनीपासून छतापर्यंत. वहिनी म्हणाली, "यांचं काय करायचं, भाऊजी?" भाऊजी म्हणाले, "सगळं यंत्रात आहे वहिनी, अक्षर न् अक्षर. तुम्ही काळजी करू नका." रद्दीवाल्याच्या हातगाडीनं तीन खेपा केल्या. कपाटं विकली. धाकट्यानं स्वतः भिंती धुतल्या, खिडकीला नवा पडदा लावला, पलंग असा ठेवला की दादाला बाहेरचं झाड दिसेल. इतकं मन लावून त्यानं स्वतःसाठी कधी काही केलं नव्हतं. पुतणी तेव्हा दिवसरात्र दवाखान्यात होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि दादाला खोलीत आणलं, त्यानं चारी भिंतींकडे पाहिलं, आणि हात फिरवायला सुरुवात केली.

दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई आल्या. दादाच्या हाताखाली शिकलेल्या. त्याच्या जाळ्याला हसल्या नाहीत अशा त्या एकट्याच. ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात एक यंत्र ठेवायचं, त्यावर दादाचं जाळं, कोणीही येऊन वाचावं, असं त्यांच्या मनात होतं. मात्र आधी स्वतः बघणार होत्या. त्यांनी दादाच्या पांघरुणावर आपलं नाव-पत्ता छापलेलं कार्ड ठेवलं, बरं वाटतंय का विचारलं, आणि यंत्रासमोर बसल्या. पुतणी शेजारी उभी. धाकटा मागे, नवा सदरा घालून.

बाईंनी मीठ दाबलं. घड्याळ आलं. "का बरं?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"मिठावरून घड्याळावर का जायचं?"

"सोयरीक आहे त्यांची."

"ती दिसतेय मला. पण का आहे?" त्यांनी विहीर दाबली. शिंपी आला. ताप दाबला, कुलूप आलं. बाईंनी हात मांडीवर घेतले. "सरांनी जोडलंय म्हणजे कारण असणारच. पण वाचकाला ते कसं कळावं? दर वेळी पाय घसरून भलतीकडे पडल्यासारखं होतंय. सर नेहमी म्हणायचे, जोड महत्त्वाची नाही, जोडायचं कारण महत्त्वाचं. ती कारणं कुठे आहेत?"

धाकट्यानं सवयीनं दादाकडे बघितलं. दादाच्या डाव्या हातात बाईंचं कार्ड होतं. त्यानं ते छापील बाजू वर करून धरलं. मग बोटांत फिरवलं आणि मागची कोरी बाजू धाकट्याच्या तोंडासमोर धरली. हात खाली येत नव्हता.

धाकट्याला त्या कोऱ्या पाठीवर दादाची सगळी कार्डं दिसली.

मागे लिहिलेलं होतं. त्याला ठाऊक होतं की लिहिलेलं होतं! प्रत्येक कार्डाच्या पाठीवर शाईनं, बारीक अक्षरात. दोन वर्षं तो ते बघत होता आणि वाचत नव्हता. याला कारण होतं. छापखान्यात लागला तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याच्या हातून एक पराक्रम झाला होता. कुणा थोर गृहस्थाच्या निधनावरचा लेख जुळवायला दिला होता, आणि लेखकानं जुन्या कागदांच्या पाठीवर लिहिला होता. धाकट्यानं इमानेइतबारे दोन्ही बाजू जुळवल्या. लेख छापून आला तेव्हा थोर गृहस्थाच्या अंत्ययात्रेच्या मधोमध लेखकानं सासऱ्याला लिहिलेली विनवणी होती, तुमच्या मुलीला परत पाठवा म्हणून. मुख्य जुळाऱ्यानं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली आणि म्हणाला, "कागदाला पाठ नसते. लक्षात ठेव! मागे साक्षात देवानं लिहिलेलं असलं तरी ते आपलं नाही." धाकट्यानं कानाला खडा लावला. एकोणचाळीस वर्षांत पुन्हा कधी कागदाच्या पाठीवरचं अक्षर वाचलं नाही.

"काका," पुतणी म्हणत होती, "कारणं कार्डांच्या मागेच आहेत ना? यंत्रात जागा कमी होती म्हणून बाबा म्हणाले होते, आधी समोरचं घेऊ, कारणं दुसऱ्या फेरीत. तुला सांगितलं असेल ना त्यांनी?"

"नाही."

"अरे! मला वाटलं ते सांगतील. त्यांना वाटलं असेल मी सांगेन." तिनं बाईंकडे वळून सांगितलं, "काही अडचण नाही. वर्ष-दीड वर्षात भरून होईल. कार्डं कुठे ठेवलीस काका? माडीवर?"

चहा घेऊन आलेली वहिनी ट्रेसकट दारातच थांबली. दादा बघत होता. नुसता बघत नव्हता, वाट बघत होता.

"हो," धाकटा म्हणाला. "माडीवर. सगळी नीट लावून ठेवली आहेत."

दादानं हातातलं कार्ड सोडलं. हात चादरीवर ठेवला, पालथा. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तो हात स्वस्थ पडला होता. बाई म्हणाल्या, कारणं आणा, दालनातली जागा मी आजच राखून ठेवते. धाकट्यानं त्यांना दारापर्यंत सोडलं, आणि तिथूनच, पायात वहाणा न घालता, रद्दीवाल्याकडे पळत सुटला.

रद्दीवाला वजन करत बसला होता. "ती जाड कार्डं? ती रद्दीत कशाला घालू? खोकेवाल्याला दिली. मस्त माल होता."

खोकेवाल्याचा कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आत दहा-बारा बायका, मधे खळीची टाकी, आणि भिंतीला लागून बुटांच्या खोक्यांच्या उतरंडी. धाकट्यानं एक खोकं उचललं. झाकण काढलं. तळाला, एकाला एक चिकटवून, दादाची कार्डं होती. वरच्या अंगाला टाइप केलेली बाजू. पुरावा, पूल, पेन्सिल, तिन्ही ओळीत. पाठी खाली, खळीत.

"अहो, सगळी अशीच लावली का? एकही उलटी नाही?"

"शाईची बाजू वर ठेवली की पांढऱ्या बुटांना डाग पडतात," खोकेवाला म्हणाला. "दुकानदारांची बोंब झाली. म्हणून मग बायकांना सांगितलं, हातानं लिहिलेली बाजू खाली. पण काका, कार्डं काय सुरेख होती हो! महिनाभरात एकही खोकं तळातून फाटलं नाही."

"बाकीची खोकी कुठे गेली?"

"बुटांबरोबर. जिकडे बूट जातात तिकडे." धाकट्याचा चेहरा बघून तो जरा नरमला. "आहेत ती बघा पाहिजे तर. पण लोक काय, बूट काढतात न् खोकं फेकून देतात."

धाकटा तीन दिवस त्या शेडमध्ये बसला. वाफ लावून बघितली, ओलं फडकं लावून बघितलं, सुरीचं पातं घालून बघितलं. पाणी लागलं की शाई पसरायची. कोरडं ओढलं की पाठ फाटून खोक्यालाच चिकटून राहायची. नखं फुटली. खळ लावणारी एक म्हातारी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता तीही सोलायला लागली. तिसऱ्या दिवशी एका पोत्याच्या तळाशी न वापरलेली कार्डं सापडली, एक्केचाळीस. धाकट्यानं ती छातीशी धरली आणि सगळ्या बायकांसमोर ढसाढसा रडला. साडेनऊ हजारांतली एक्केचाळीस!

त्यानं शेडच्या पायरीवर बसून पहिल्यांदा पाठी वाचल्या. मीठ आणि घड्याळ, दादानं लिहिलं होतं, लांब जाणाऱ्या जहाजाला दोन्ही लागत; एकानं अन्न टिकायचं, दुसऱ्यानं वाट कळायची. विहीर आणि शिंपी, दोघांचं काम दोरीनं माप घेतल्याशिवाय सुरू होत नाही. धाकटा वाचत गेला आणि त्याचं डोकं गरगरायला लागलं. दोन वर्षं त्याला वाटत होतं की तो दादाचं पुस्तक जुळवतोय. त्यानं फक्त घरांचे पत्ते जुळवले होते. घरातली माणसं सगळी पाठीमागे राहिली होती.

सोललेल्यांत एक कार्ड मात्र त्यानं वेगळं ठेवलं. नंबर चार हजार एकशे बारा, जुळारी. खाली पाच सोयरिका होत्या. खिळा, आरसा, डोळा, धीर, आणि पाचवी आई. जुळारी आणि आई. दादाच्या ओळखीत जुळारी एकच होता. धाकट्यानं कार्ड उलटलं. पाठ सालपटासारखी निघून गेली होती. कोपऱ्यात एवढंच वाचता येत होतं, "आई: कारण त्या दिवशी". पुढे खळीचा पिवळा डाग.

घरी येऊन तो दादाच्या पलंगाशी जमिनीवर बसला. "दादा, माडीवर काही नाही. कार्डं मी रद्दीत घातली. तुझ्या पलंगाला जागा हवी म्हणून घातली. मागचं मी वाचलंच नव्हतं रे." पुतणी दारात उभी होती. तिला तेव्हाच कळलं. तिनं यंत्र बंद केलं, आणि त्यानंतर काकाशी कामापुरतंच बोलायला लागली. दादानं डोळे मिटले. दोन दिवस उघडले नाहीत. वहिनीनं चमचा ओठाला लावला की ओठ घट्ट मिटायचे. धाकट्याला वाटलं, हा आता जाणार, आणि मीच मारला याला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा हात हलला. उताणा, पालथा, उताणा. धाकट्यानं आपला हात त्याच्या हातात दिला. "दादा, कारणं तुझ्या डोक्यात आहेत ना सगळी? मी एकेक विचारतो. एकदा दाबलंस तर नाही. दोनदा दाबलंस तर हो. करायचं?"

दादाची बोटं धाकट्याच्या हातावर वळली. मग एकदा. आणि लगेच पुन्हा एकदा.

तर असं सुरू झालं. सकाळी न्याहारी झाली की धाकटा कोऱ्या कार्डांची पेटी घेऊन बसायचा. "ताप आणि कुलूप. दोन्ही अंगाला... दोन्ही बंद करतात?" नाही. "दोन्हींना किल्ली लागते? म्हणजे औषध?" नाही. "चोरासाठी? घाबरून?" नाही, नाही, नाही. तासाभरानं कधीतरी उमगायचं, दोन्ही आत काहीतरी मोलाचं आहे म्हणून असतात, आणि हाताला दोन दाब मिळायचे. धाकट्याला तेवढ्यानं गगन ठेंगणं व्हायचं. दुपारी स्वयंपाकघरातून वहिनी हाक मारून विचारायची, "भाऊजी, आज किती झाली?" आणि हा ओरडून सांगायचा, "तीन!" किंवा "चार झाली वहिनी!"

पुतणीनं हिशोब केला. "काका, या चालीनं एकवीस वर्षं लागतील."

"लागू देत."

"बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत."

"म्हणून तर म्हणतो, मधे मधे बोलू नकोस."

दादाच्या होकारावर धाकट्याचा पूर्ण भरवसा होता. हा माणूस जन्मात कुणाचं मन राखायला हो म्हणाला नव्हता. तरुणपणी धाकट्यानं एक मुलगी पसंत केली होती, दादाला दाखवली, विचारलं, "बरी आहे ना?" दादा म्हणाला, "नाही." झालं, संपलं. त्याचा राग धाकट्यानं पुढे दहा वर्षं धरला होता. आता त्याच स्वभावाचे तो उपकार मानायचा. जो मेला तरी खोटं हो म्हणणार नाही, त्याचं हो म्हणजे छापील अक्षर.

दुसरा महिना लागला आणि चाल वाढली. दिवसाला आठ, मग बारा. एका आठवड्यात तर रोज वीस. धाकट्याला आकाश दोन बोटं उरलं. "पोरी, मला आता दादासारखा विचार करता येतो!" तो पुतणीला सांगायचा. "पहिल्याच फटक्यात ओळखतो. सुई आणि पाऊलवाट, म्हटलं दोन्ही एकामागून एक जाऊनच होतात, लगेच दोन दाब! अरे, एका आईच्या पोटचे आहोत आम्ही, तेच डोकं." पुतणी रविवारी येऊन ती कारणं यंत्रात भरायची. तीही आता त्याच्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली होती. सहाशे चाळीस झाली. ग्रंथपाल बाईंना निरोप गेला. त्या म्हणाल्या, हजार झाली की आपण दालनात यंत्र मांडू, बाकीची होतील तशी घालत जाऊ.

धाकट्यानं एका गुरुवारी ठरवलं की आज आपली सोयरीक विचारायची. एवढे दिवस विचारली नव्हती, भीती वाटत होती. त्यानं चार हजार एकशे बारा नंबरचं कार्ड काढलं, फाटक्या पाठीचं. दादाला खुर्चीत बसवलं होतं, खिडकीशी. बाहेर झाडाखाली दोन बायका भांडत होत्या.

"दादा, जुळारी आणि आई. त्या दिवशी, असं लिहिलंयस. कुठल्या दिवशी रे?" त्यानं हात हातात घेतला. "आई गेली त्या दिवशी? मी पोचलो नाही, अंक छापायचा होता म्हणून?"

दोन दाब.

हेच ते. इतकी वर्षं दादाच्या मनात हे होतं तर. पण मग त्याला दुसरंच आठवलं. आईला वाचता येत नव्हतं. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यानं तिचं नाव मोठ्या टाइपात जुळवून, छापून आणलं होतं, आणि तिनं तो कागद गालाला लावला होता. दादा तेव्हा शेजारीच होता. "का तो दिवस? नाव छापून आणलं होतं तो?"

दोन दाब.

"दोन्ही?" धाकटा हसला. "असं कसं, दादा? त्या दिवशी म्हणजे एकच दिवस."

दोन दाब.

धाकट्याचं हसू ओठावरच राहिलं. त्यानं दादाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. दादा त्याच्याकडेच बघत होता. त्या डोळ्यांत पूर्वीची वाट बघणं नव्हतं. माया होती, किंवा काहीच नव्हतं. धाकट्याला सांगता येईना.

"दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "लहानपणी मी विहिरीत पडलो होतो, तू मला काढलंस, तो दिवस?" तो कधीच विहिरीत पडला नव्हता.

दोन दाब.

"आज रविवार आहे ना?"

दोन दाब.

धाकट्यानं खाली पाहिलं. मांडीवर सहाशे चाळीस कार्डांची पेटी होती. यातली खरी कितीपर्यंत? पहिली शंभर? पहिली पन्नास? सुई आणि पाऊलवाट कुणाचं होतं, दादाचं की आपलंच? दादा दमून हो म्हणत होता, की धाकट्याचा आनंद बघून म्हणत होता, की आत ऐकायला कोणी उरलंच नव्हतं? आणि हे विचारायचं तरी कुणाला? ज्याला विचारायचं तो आता सगळ्यालाच हो म्हणत होता.

शेवटचा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता. तरी तोंडातून निघाला. "दादा, तुझी कार्डं माडीवर आहेत ना रे? सगळी नीट लावलेली?"

दोन दाब. मऊ, सावकाश.

धाकट्यानं जुळारीचं कार्ड पालथं करून पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, आज किती झाली?"

त्यानं दादाचा हात पुन्हा हातात घेतला. ती पुन्हा म्हणाली, "ऐकलंत का? किती झाली?"

"एकही नाही, वहिनी," धाकटा म्हणाला. "एकही झाली नाही."

आणि दादानं त्याचा हात दोनदा दाबला.